ज्याच्या हाती पाना

चिंचोळीच्या औद्योगिक वसाहतीत पहिली पाळी सुटली की फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर वाद रंगतो. हा वाद पूर्वीसारखा बोनसचा किंवा महागाईभत्त्याचा असतोच असे नाही; पुष्कळदा तो मोबाइल फोनचा असतो. कोणाचा कॅमेरा किती ताकदीचा, कोणाची बॅटरी किती वेगाने भरते, अँड्रॉइड बरा की आयफोन, यावर आमची तरुण मंडळी अशा हिरिरीने भांडतात की त्या त्या कंपनीने त्यांस पगारावर ठेवले असावे असे ऐकणाऱ्यास वाटावे. आम्ही या वादात सहसा पडत नाही. परंतु गेली काही वर्षे तो ऐकता ऐकता आमचे एक मत बनले आहे, आणि ते आज या श्रोत्यांपुढे ठेवावयाचे आहे. ते असे की, या साऱ्या भांडणात पहिला प्रश्नच कोणी विचारीत नाही. वस्तू बिघडली तर ती उघडते काय, आणि उघडण्याची मुभा कोणास आहे, हा तो प्रश्न होय.

हा प्रश्न आम्हांस पुस्तकात सापडला नाही. तो एका खाड्यातून निघाला.

ज्यांस त्या बाजूस जाण्याचा प्रसंग येत नाही त्यांच्यासाठी सांगतो. चिंचोळी ही सोलापूरहून पुण्याच्या रस्त्याने सुमारे वीस किलोमीटरवर, मोहोळ तालुक्यात. रसायने, औषधांचा कच्चा माल, टॉवेल, मोटारीच्या इंजिनाचे सुटे भाग असे नाना प्रकारचे उत्पादन तेथे होते. पुष्कळ ठिकाणी कायम कामगारांच्या जोडीला ठेकेदाराची माणसे असतात. अशाच एका ठेकेदाराने मागे हुकूम काढला की, यापुढे हजेरी वहीत न होता ज्याच्या त्याच्या मोबाइलवर होईल. फाटकावर यावे, आपल्याच फोनवर आपलेच छायाचित्र काढावे, ठिकाण आपोआप नोंदले जाईल, आणि मगच आत जावे. आत जाताना तो फोन पुन्हा पहारेकऱ्याकडे जमा करावयाचा, कारण आत पेट घेणारी रसायने असतात. पहारेकरी वहीत नोंद करून पत्र्याचा एक बिल्ला हातावर ठेवतो.

आमच्या युनियनचा एक सभासद तेथे पॅकिंगला मदतनीस आहे. त्याचा फोन चार वर्षांचा, तोही दुसऱ्याकडून घेतलेला. बॅटरी दुपारपर्यंतही टिकेना, आणि पाठीमागचे झाकण जरासे फुगलेले. एके सकाळी हजेरीच्या अ‍ॅपने त्यास कळविले की, हा फोन फार जुना आहे, यावर हे अ‍ॅप चालणार नाही. मनुष्य फाटकावर हजर, हातपाय धड, काम करण्यास तयार. त्याने आठ तास कामही केले. दुसऱ्या दिवशी केले, तिसऱ्या दिवशी केले. महिनाअखेरीस पगाराच्या चिठ्ठीवर तीन खाडे! मुकादमास विचारले तर तो म्हणाला, "नवा फोन घे की." नवा फोन म्हणजे त्याची निम्म्याहून अधिक महिन्याची मजुरी.

आता या प्रसंगाकडे नीट पाहा. गिरणीच्या काळात माग मालकाचा होता. तो बिघडला तर जॉबर आणि फिटर मालकाच्या पगारावर होते, आणि माग बंद राहिल्याचा तोटा मालकास सोसावा लागे. पूर्व भागातला हातमागवाला घ्या. त्याचा माग त्याचा स्वतःचा होता, परंतु तो दुरुस्तही तोच करी. घरात एक हातोडी आणि एक करवत असली की भागत असे. चिंचोळीच्या फाटकावर आम्ही जे पाहतो ते या दोहोंपैकी कोणतेच नाही. हत्यार विकत घेतले कामगाराने, त्याचा उपयोग होतो ठेकेदाराच्या हजेरीला, आणि ते उघडण्याची किल्ली आहे तिसऱ्याच्याच, म्हणजे फोन बनविणाऱ्या कंपनीच्या खिशात. असले हत्यार आम्ही आमच्या उभ्या आयुष्यात पाहिले नव्हते.

कोणी म्हणेल की ही एका ठेकेदाराची मनमानी आहे, तिचा फोनशी काय संबंध? परंतु सरकारी कामेही त्याच वाटेने चालली आहेत. १ ऑगस्ट २०२५ पासून भविष्यनिर्वाह निधीच्या नव्या सभासदाचा क्रमांक सर्वसाधारणपणे उमंग या अ‍ॅपवर चेहरा दाखवून काढण्याचा नियम झाला. निवृत्तिवेतन घेणाऱ्यांनी द्यावयाचा हयातीचा दाखला २०१४ च्या नोव्हेंबरपासून यंत्रावर बोट ठेवून देता येऊ लागला, आणि २०२१ च्या नोव्हेंबरपासून चेहरा दाखवूनही. या दुसऱ्या सोयीचे आम्ही स्वागतच केले. सोलापुरातल्या विडी वळणाऱ्या भगिनींच्या बोटांवरच्या रेषा पाने हाताळून झिजलेल्या असतात. यंत्र त्यांची बोटे ओळखीत नसे, आणि जिवंत बाईस आपण जिवंत असल्याचे पटविण्यासाठी हेलपाटे घालावे लागत. चेहऱ्याने काम होते ही चांगली गोष्ट आहे. दाखला बँकेत किंवा टपाल कार्यालयातही देता येतो, हेही खरे. परंतु घरबसल्या द्यावयाचा तर चांगला कॅमेरा असलेला चालू फोन घरात पाहिजे, आणि या योजनेचे किमान निवृत्तिवेतन २०१४ साली ठरले ते दरमहा १००० रुपये. एवढ्या उत्पन्नात फोन किती वर्षे पुरवावा लागेल याचा हिशेब श्रोत्यांनीच करावा.

म्हणून फोन टिकणे ही आता चैनीची बाब राहिलेली नाही. ती मजुरीची बाब झाली आहे. आणि टिकत का नाही, हे समजून घ्यावयाचे तर तो उघडून पाहिला पाहिजे. आम्ही काही विद्युत्शास्त्र शिकलेले नाही. नवी पेठेतल्या एका दुरुस्तीवाल्याच्या स्टुलावर बसून त्याला प्रश्न विचारून भंडावून सोडले, आणि मग मिळतील ती पुस्तके चाळली. त्यातून जे उमगले ते असे.

फोनमध्ये सर्वांत आधी म्हातारी होते ती बॅटरी. ही लिथियमची बॅटरी प्रथम १९९१ साली जपानच्या सोनी कंपनीने बाजारात आणली. तिच्यात दोन थर असतात. एक धातूच्या ऑक्साइडचा आणि दुसरा ग्राफाइटचा, म्हणजे ज्याची पेन्सिल करतात त्याचा. बॅटरी भरताना लिथियमचे कण एका थरातून निघून दुसऱ्यात जातात, वापरताना परत येतात. सोलापूरकरास हे समजावयास कठीण नाही, कारण मागावर धोटा असाच इकडून तिकडे आणि तिकडून इकडे फेकला जातो. फरक इतकाच की, प्रत्येक फेरीत थोडेसे लिथियम ग्राफाइटवर साय धरावी तसे चिकटून बसते आणि कायमचे कामातून जाते. पुष्कळ फोनांच्या बॅटऱ्या सुमारे ५०० पूर्ण फेऱ्यांनंतर मूळ ताकदीच्या ८० टक्क्यांवर येतील अशा हिशेबाने केलेल्या असत. रोज एकदा फोन भरणाऱ्याचे ५०० दिवस म्हणजे दीड वर्षही होत नाही. अलीकडच्या काही बॅटऱ्या याहून पुष्कळ अधिक टिकतात, हे न्यायाने सांगितले पाहिजे.

दुसरा शत्रू उष्णता. काही प्रमुख उत्पादक स्वतःच सांगतात की, भोवतालची हवा ३५ अंशांच्या आत असेल तेथे फोन वापरावा. आता सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यात ३५ अंशांची हवा दुपारी कोठे मिळेल, ते त्यांनीच येऊन दाखवावे! येथे पारा ४० च्या वर जातो, पत्र्याच्या शेडमध्ये त्याहूनही वर. उष्णतेने ती साय भराभर धरते, आतल्या द्रवाचे विघटन होऊन वायू सुटतो, आणि बॅटरी उशीसारखी फुगते. आमच्या सभासदाच्या फोनचे झाकण वर आले होते ते यामुळे. त्याने फोन आपटला नव्हता की पाण्यात पाडला नव्हता. मोटारसायकलच्या डिकीत ठेवून तो उन्हाळ्यात रोज चाळीस किलोमीटर येत-जात होता, एवढाच त्याचा अपराध.

बॅटरी म्हातारी होणार हे तर बनविणाऱ्यास पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. सायकलचा टायर झिजणार हे ठाऊक असते, म्हणून टायर काढता येतो असे चाक करतात. चाकास टायर डकवून टाकीत नाहीत. फोनच्या बाबतीत मात्र नेमके तेच केले गेले. पूर्वी तसे नव्हते. २००३ साली निघालेला नोकिया ११०० हा विजेरीवाला फोन पुष्कळांस आठवत असेल. जगात त्याचे २५ कोटींवर नग खपले असे सांगतात. नखाने मागचे झाकण सरकवावे, जुनी बॅटरी काढावी, नवी बसवावी. पाच वर्षांचे पोरही ते करी.

या दोन पद्धतींत काय अंतर आहे ते दोन अपघातांवरून जितके स्पष्ट होते तितके दुसऱ्या कशाने होणार नाही. २००७ च्या ऑगस्टमध्ये नोकियाने जाहीर केले की, मात्सुशिता कंपनीने बनविलेल्या आपल्या सुमारे ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या भरताना जास्त तापू शकतात. आपल्याकडेही त्या वेळी मोठी घबराट उडाली होती. परंतु उपाय काय होता? बॅटरीवरचा क्रमांक जुळवून पाहावयाचा, आणि दोषी निघाली तर तेवढी एक बॅटरी बदलून घ्यावयाची. फोन ज्याचा त्याच्या खिशातच राहिला. पुढे २०१६ साली सॅमसंगच्या नोट ७ या महागड्या फोनच्या बॅटऱ्या पेट घेऊ लागल्या. हा फोन बंद कवचाचा. तेव्हा बॅटरी परत घेण्याचा प्रश्नच नव्हता. सप्टेंबरमध्ये सुमारे २५ लाख फोन परत बोलाविण्याचे ठरले, बदली दिलेल्यांतलेही काही पेटले, आणि ऑक्टोबरात त्या फोनचे उत्पादनच थांबविण्यात आले. एका पुडीएवढ्या वस्तूच्या दोषापायी पडदा, कॅमेरा, मेंदू, सारेच गेले.

कंपन्यांचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे. आम्ही वाटाघाटीला बसतो तेव्हा समोरच्याचा कागद आधी वाचतो. त्या म्हणतात की, कवच डकवून टाकल्याने पाणी आणि धूळ आत जात नाही, फोन पातळ होतो, आणि बॅटरीसाठी अधिक जागा मिळते. यात तथ्य आहे. पावसात दुचाकीवर फिरणाऱ्या डिलिव्हरीच्या पोरास विचारा, तो पाणी न शिरणाऱ्या फोनचे गुण गाईल. परंतु पाणबुडीलाही दार असते. रबराची चकती आणि चार स्क्रू यांनी पाणी अडविता येते. त्याने फोन केसभर जाड होईल, इतकेच. आणि कामगाराच्या खिशात पातळ फोनची मागणी कोणी केली होती, हे आम्हांस अजून कळलेले नाही.

शिवाय डिंकाचे कुलूप निदान तापवून उघडता येते. नवी पेठेतला आमचा दुरुस्तीवाला गरम हवेच्या बंदुकीने ते करतो. त्याची खरी अडचण दुसऱ्या कुलुपाची आहे, आणि ते डोळ्यांनी दिसत नाही. काही फोनांत सुट्या भागाला क्रमांक असतो आणि फोनच्या मेंदूत तो लिहिलेला असतो. एका फोनचा अस्सल पडदा काढून त्याच जातीच्या दुसऱ्या फोनला लावला, तरी मेंदू तो आपला मानीत नाही. इशारा देतो, किंवा एखादी सोय बंद ठेवतो. भाग अस्सल, हात कसबी, तरी फोन म्हणतो, कंपनीचा शिक्का आणा. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने २०२४ साली कायदा करून ही पद्धत आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या नव्या वस्तूंपुरती बंद केली. त्याही पलीकडचे उदाहरण आहे. २०१७ च्या डिसेंबरात अ‍ॅपल कंपनीने कबूल केले की, जुन्या बॅटरीचे काही आयफोन ती प्रणालीतून मुद्दाम हळू चालवीत होती. कारण असे दिले की, दमलेल्या बॅटरीवर फोन एकाएकी बंद पडू नये. कारण खोटे नसेलही. परंतु गिऱ्हाइकास ते सांगितले नव्हते. फोन मंदावला की तो बिचारा नवा घेण्याच्या विचारास लागे, जेव्हा की नवी बॅटरी पुरली असती. फ्रान्सने यासाठी २०२० साली त्या कंपनीस अडीच कोटी युरो दंड केला.

ही युक्ती नवी आहे असे मात्र कोणी समजू नये. १९२४ साली जिनिव्हात विजेचे दिवे बनविणाऱ्या बड्या कंपन्यांनी आपसांत करार केला की, घरगुती दिवा हजार तासांहून अधिक जळता कामा नये. ज्या कारखान्याचा दिवा जास्त टिके त्यास दंड! चांगले काम केले म्हणून दंड भरणारे कारखाने जगाच्या इतिहासात दुसरे झाले असतील तर आम्हांस ठाऊक नाहीत. दुसऱ्या महायुद्धाने तो करार मोडला.

याउलट आपल्या गावची गोष्ट. साधा यंत्रमाग ज्याने पाहिला असेल त्यास माहीत आहे की, त्यात दडविलेले काही नसते. पिकर फाटला तर दिसतो, पट्टा ढिला झाला तर आवाजावरून कळतो. फणी, वही, धोटा, सारे बाजारात सुटे मिळते. एका कंपनीच्या मागाला दुसऱ्याच्या ओतशाळेतला भाग बसतो. असे माग तीन तीन धनी बदलून पिढ्यान्पिढ्या चालले, याचे कारण त्यांचे लोखंड फार उंची होते हे नव्हे. गल्लीतला कोणीही जॉबर पाना घेऊन त्यांच्याखाली शिरू शकत होता. चादरीवरचे मोर आणि फुले काढणारे जेकार्डसुद्धा भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालते; पुठ्ठा फाटला तर नवा पाडून शिवून टाकतात. आता इलेक्ट्रॉनिक माग आले आहेत. त्यांवर काम हलके होते आणि कापड चांगले निघते, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु त्यातली पाटी जळाली की जॉबर हात बांधून उभा, आणि माग परगावच्या इंजिनियरची वाट पाहत बसतो.

मोटारीचेही पाहा. इंजिनातील कॅमशाफ्ट हा भाग आमच्या चिंचोळीत बनतो. तो ज्या मोटारीत बसतो ती मोटार लिंबाच्या झाडाखालचा मिस्त्री उघडतो, भाग बदलतो, आणि गाडी रस्त्यास लागते. तेथेही कुलूप घालण्याचा प्रयत्न झाला होता. मोटार कंपन्या सुटे भाग, दोष शोधण्याची यंत्रे आणि माहितीपुस्तके खुल्या बाजारातील गॅरेजवाल्यांस मिळू देत नाहीत, अशी तक्रार भारतीय स्पर्धा आयोगाकडे गेली. आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांस मिळून सुमारे २५४४ कोटी रुपये दंड ठोठावला आणि हे सारे स्वतंत्र गॅरेजवाल्यांस उपलब्ध करून देण्याची आज्ञा केली. कंपन्या अपिलात गेल्या, ते प्रकरण वेगळे. परंतु दुरुस्तीची वाट अडविणे हा बाजारातला अन्याय आहे, हे आपल्याच देशातील एका अधिकारी संस्थेने तेव्हा स्पष्ट सांगितले.

मग फोनचे काय? केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ च्या जुलैत दुरुस्तीच्या हक्कासाठी एक समिती नेमली, आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठी एक संकेतस्थळ सुरू केले. त्यावर शेतीची अवजारे, फोन व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणे आणि वाहने या चार वर्गांतील कंपन्यांची दुरुस्तीविषयक माहिती एके ठिकाणी ठेवण्याची योजना होती. नाव हक्काचे आहे, परंतु आत मुख्यतः पत्ते आणि माहिती. हक्क म्हणजे जो नाकारल्यास कोणास तरी जाब विचारता येतो तो. युनियनच्या कामात आम्ही हक्काची एवढीच व्याख्या शिकलो. पुढचे पाऊल अधिक कामाचे वाटते. २०२५ च्या मे महिन्यात दुसऱ्या एका समितीने अहवाल दिला की, प्रत्येक फोनला दुरुस्तीच्या सोयीप्रमाणे गुण द्यावेत. तो किती सहज उघडतो, सुटे भाग किती दिवसांत मिळतात, हत्यारे कोणती लागतात, स्क्रू आहेत की डिंक, माहिती खुली आहे काय, आणि प्रणालीच्या नव्या आवृत्त्या किती काळ मिळणार, हे सारे पाहून गुण ठरावेत आणि ते दुकानात व खोक्यावर दिसावेत. फ्रान्समध्ये असे गुण १ जानेवारी २०२१ पासून दाखविले जाऊ लागले. आपल्या समितीच्या शिफारशीत एक गोम आहे. गुण कंपनीने स्वतःच स्वतःस द्यावयाचे! परीक्षार्थ्यानेच पेपर तपासावा असे कोणत्या शाळेत चालते?

युरोपने याहून सक्तीचा मार्ग धरला. तेथे २० जून २०२५ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे फोनची बॅटरी ८०० फेऱ्यांनंतरही ८० टक्के ताकद धरील अशी पाहिजे, महत्त्वाचे सुटे भाग त्या जातीच्या फोनची विक्री थांबल्यावरही सात वर्षे मिळाले पाहिजेत, आणि प्रणालीच्या सुधारणा निदान पाच वर्षे. बॅटरी वापरणाऱ्यास स्वतःच काढता यावी यासाठी, काही अपवाद ठेवून, १८ फेब्रुवारी २०२७ ही तारीख ठरविण्यात आली. कंपन्या त्याच आहेत. त्या तेथे जे करू शकतात ते येथे करता येणार नाही, असे कोणत्या तोंडाने म्हणणार? आपल्या देशात विकले जाणारे बहुतेक फोन आता येथेच, श्रीपेरुंबुदूर, नोएडा अशा ठिकाणी जुळविले जातात. आपल्या मुली तेथे पाळ्यांमध्ये उभ्या राहून ते बंद करतात. बंद करावयास जे हात चालतात ते उघडावयास का चालू नयेत, हे आम्हांस कोणी तरी समजावून द्यावे.

टपरीवरच्या वादात दोन आक्षेप नेहमी निघतात, त्यांविषयी थोडे. एक असा की, गल्लीतला दुरुस्तीवाला डुप्लिकेट माल घालतो, आणि फोनमधली छायाचित्रे पाहतो. डुप्लिकेट माल असतो. लिथियमची हलकी बॅटरी घरास आग लावू शकते, यात विनोद नाही. परंतु अस्सल भाग त्यास विकतच मिळू द्यावयाचा नाही, आणि मग तो नकली वापरतो म्हणून बोट दाखवावयाचे, हा न्याय उफराटा आहे. त्या पोरांकडे आम्ही कामगार म्हणूनच पाहतो. सूक्ष्मदर्शकाखाली केसाएवढ्या तारेचा टाका घालणारा तो कारागीर आमच्या मते जॉबरचाच वारस होय. आयटीआयने त्यास शिकवावे, दाखला द्यावा, मग गैरकृत्य केल्यास पकडावे.

दुसरा आक्षेप आमच्याच पिढीचा. "हे थोतांडच नको, बटणाचा साधा फोन बरा," असे आमचे मित्र म्हणतात. ज्याचे पेन्शन चेहऱ्यावर अडले नाही, ज्याची हजेरी फोनवर लागत नाही, त्याने खुशाल बटणाचा फोन वापरावा. बाकीच्यांस ती मोकळीक उरलेली नाही. आम्ही स्वतः दोन वर्षे तसा फोन बाळगून पाहिला. शेवटी युनियनच्या सभेची सूचना आम्हांसच सर्वांत उशिरा कळू लागली, तेव्हा निमूटपणे पडद्याचा घेतला.

कामगारांना आम्ही एवढेच सांगतो की, नवा फोन घेताना दुकानदारास विचारा, याची बॅटरी आणि पडदा कंपनी किती वर्षे देणार, किती रुपयांस, आणि प्रणालीच्या सुधारणा कोणत्या सालापर्यंत येणार. दुकानदारास उत्तर येणार नाही. तरी विचारा, दहा जणांनी विचारले की तो वितरकास विचारील. आणि कारखानदारांस सांगतो की, हजेरीस यंत्र पाहिजे तर ते यंत्र फाटकावर तुमच्या खर्चाने बसवा, बिघडले तर तुम्ही दुरुस्त करा, आणि ते बंद असेल त्या दिवशी वही उघडा. पूर्वी गिरणीचा भोंगा बिघडला म्हणून कोणी कामगाराचा खाडा मांडीत नव्हते.

त्या पॅकिंगवाल्या सभासदाचे पुढे काय झाले, ते सांगावयाचे राहिले. नवी पेठेत त्याच्या फोनला दुसरी बॅटरी बसली, फोन दिवसभर चालू लागला. हजेरीचे अ‍ॅप मात्र त्यावर उघडले नाही ते नाहीच, कारण त्या फोनच्या प्रणालीची नवी आवृत्ती काढणे कंपनीने केव्हाच थांबविले होते. ठेकेदाराशी आमच्या दोन बैठका झाल्या. तो म्हणे, मनुष्य हजर होता याचा पुरावा काय? तेव्हा कोणास तरी पहारेकऱ्याच्या वहीची आठवण झाली. वही मागविली. त्यात पहिल्या दोन दिवशी सकाळी सातला दहा मिनिटे असताना याच मनुष्याचा फोन जमा झाल्याची आणि बिल्ला दिल्याची नोंद होती. त्या दोन दिवसांची मजुरी मिळाली. तिसऱ्या दिवशी बॅटरी पार उतरली म्हणून त्याने फोन घरीच ठेवला होता, त्यामुळे वहीत नोंद नाही. त्या एका दिवसाचे भांडण अजून चालू आहे.